पुस्तक मिटा, मग उजळणी सुरू होते: दहावीला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, आणि साडेआठपर्यंत पोरं अभ्यासाला. ही बातमी सगळीकडे गेली तेव्हा आमच्या गावातले पालकही समाजमंदिरात जमले. "मॅडम, आपण पण करू की." मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. भोंगा आम्ही आणला नाही, पण सात ते साडेआठ अभ्यासिका सुरू केली आणि तिथे बसायचं काम माझ्याकडे आलं.

पोरं खरोखर बसत होती. माना खाली, पुस्तकं उघडी, हातात पिवळे-गुलाबी मार्कर. दोन महिन्यांनी सराव परीक्षा झाली आणि गुण होते तिथेच. एका मुलाचे वडील द्राक्षबागेतून थेट आले होते, हाताला औषधाचा वास तसाच. म्हणाले, "वाचतंय की ओ मॅडम दिवसभर. पण पेपरात काय लिवंना झालंय."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. वेळ मिळाला होता, शांतता मिळाली होती. त्या दीड तासात करायचं काय, हे मात्र त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी शाळेत असतानाही सांगितलं नव्हतं. महत्त्वाच्या प्रश्नांची यादी फळ्यावर लिहून "हे पाच वेळा लिहून आणा" म्हणायचे. आता जे लिहिते आहे ते त्या अभ्यासिकेत पोरांबरोबर शिकलेलं आहे.

आधी परीक्षा कागदावर मांडा

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण चुकवू नका. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. सहा विषय, प्रत्येकी १०० गुण: ८० लेखी, २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र वेगळा आणि भूगोल वेगळा. हे सगळे ४० गुणांचे आणि दोन तासांचे. तीन भाषांचे पेपर ८० गुणांचे, तीन तासांचे. म्हणजे पूर्ण विषय घेतलेल्या मुलाला एकूण नऊ वेळा केंद्रावर जायचं आहे.

आता साधा हिशेब करा. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. भाषेला ८० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे गुणामागे सव्वादोन. गणितात "वेळ पुरला नाही" असं पोरं म्हणतात, पण खरी ओढाताण भाषेच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे भाषेच्या प्रश्नपत्रिकेत होते. तिथे लिहायचं भरपूर आणि गुणामागे वेळ कमी. सराव करताना हे आकडे डोक्यात ठेवा.

आणखी एक. दहावी मार्चमध्ये, ही आईवडिलांच्या डोक्यातली जुनी गोष्ट आहे. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. द्राक्षं काढणीला आलेली, बेदाण्याच्या शेडवर माणसं कमी पडतायत, उसाच्या गाड्या रात्रभर रस्त्यावर, अशा ऐन धामधुमीत परीक्षा येते. त्यामुळे "शेवटच्या महिन्यात जोर लावू" हा बेत आपल्याकडे टिकत नाही. उजळणी दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवी, रोज थोडी.

उजळणी म्हणजे काय ते आजीला विचारा

आपण "रिव्हिजन" म्हणायला लागलो आणि जुन्या शब्दातली खूण हरवली. उजळणी म्हणजे पाढे म्हणणं. दिवेलागणीला देवापुढे बसून बे एके बे पासून तीसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे. पुस्तक समोर नसायचंच. आजोबा मधूनच अडवायचे, "सतरा साते?" उत्तर अडलं की तेवढाच पाढा पुन्हा. तांब्याचं भांडं घासल्यावर उजळतं, तसं डोक्यात असलेलं बाहेर काढून घासायचं.

आज पोरं याच्या उलट करतात. धडा पुन्हा वाचतात. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीलाच "आलं मला" समजतात. एसटी स्टँडवर रोज दिसणारा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसं हे. परीक्षेत चेहरा ओळखायचा नसतो, नाव सांगायचं असतं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे नीट तपासलं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून, मिटवून, आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. घरी संध्याकाळी "सगळं येतंय" वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं कारण इथे आहे. वाचणाऱ्याला पाच मिनिटांपुरतंच येत असतं.

पायरी पहिली: कोरा कागद

ही एक पायरी नीट केलीत तर बाकीच्या आपोआप सुचतील, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

धड्याचा एक छोटा भाग घ्या. अख्खा धडा नको, दोन-तीन पानं. समजून वाचा. कळलं नाही तर इथेच विचारा, कारण न कळलेलं आठवायला बसणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. मग पुस्तक मिटा आणि दप्तरात टाका. शेजारी ठेवलं तर हात जातो. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. सुवाच्य नको, पूर्ण वाक्यं नकोत, बाण, आकृत्या, तुटक शब्द चालतील.

समजा सूत्री विभाजन घेतलंत. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. नावं पटकन येतात. आता प्रत्येकीत गुणसूत्रं कुठे असतात ते काढून दाखवा. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, पश्चावस्थेत दोन बाजूंना ओढली जातात. इथे बहुतेकांचा हात थांबतो. नावं पाठ आहेत, चित्र डोक्यात नाही.

हात थांबला की लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर तसंच बसा. "वर्गात हे कधी शिकवलं, फळ्यावर कुठल्या कोपऱ्यात काढलं होतं," असं मनाला चाचपू द्या. ते मिनिट नकोसं वाटतं. पण भांडं घासलं जातं ते त्याच मिनिटात. मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेलं भरा. माझ्या पोरांना मी लाल पेन देते. कागदावर लाल जास्त दिसलं तर त्यांचे चेहरे पडतात. त्यांना मी सांगते, हा लाल रंग फेब्रुवारीत उत्तरपत्रिकेवर दिसण्याऐवजी नोव्हेंबरमध्ये समाजमंदिरात दिसला, फार चांगलं झालं. पुढच्या वेळी फक्त लाल भाग आधी आठवायचा.

लिहायचा कंटाळा आला तर बोला. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला शिकवा, आई भाकरी थापत असेल तर तिला सांगा. तिला विषय येत नसला तरी चालतं, उलट बरंच. "म्हणजे काय गं?" असं तिने दोनदा विचारलं की तुम्हाला खरंच कळलंय की नुसते शब्द पाठ आहेत, ते उघडं पडतं.

मार्करबद्दल थोडं. वाचताना रंग मारल्याने काम केल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा गुण. फार तर पहिल्या वाचनात मुख्य शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढा. अख्खं पान पिवळं झालं तर त्यात महत्त्वाचं काय ते पुन्हा शोधावंच लागतं.

पायरी दुसरी: चिठ्ठ्या आणि तीन खोकी

विसरणं हा तुमचा दोष नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरजोड्या स्वतः पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजलं. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. आणि विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून एकाच दिवशी पाच वेळा करण्यापेक्षा तीन आठवड्यांत पाच वेळा करणं जास्त टिकतं.

हे डोक्यात ठेवून वेळापत्रक आखायला गेलं तर गोंधळ होतो. त्यापेक्षा खोकी घ्या. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ही युक्ती लोकांपुढे मांडली. त्याचे कप्पे पाच होते, आमच्याकडे तीन पुरतात. बेदाण्याची रिकामी पुठ्ठ्याची खोकी आपल्याकडे घरोघरी असतात. चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापा, त्यांची मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड.

चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. "पृथ्वीवरून मुक्तिवेग किती?" मागे "सेकंदाला ११.२ किलोमीटर". "समरूपतेच्या कसोट्या?" मागे "कोकोको, कोको, बाकोबा, बाबाबा" (को म्हणजे कोन, बा म्हणजे बाजू). "ब्राझीलची राजधानी?" मागे "ब्राझीलिया". इतिहासलेखनाच्या धड्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, फुको यांची सरमिसळ होते, तिथे प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी आणि मागे त्याच्या विचाराचं एक वाक्य तुमच्या शब्दांत.

सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या खोक्यात. ते रोज काढायचं. उत्तर न बघता आलं तर चिठ्ठी दुसऱ्यात, ते दर तीन दिवसांनी. तिथेही आलं तर तिसऱ्यात, ते फक्त रविवारी. कुठेही चुकलं की चिठ्ठी थेट पहिल्यात परत. एवढाच नियम. यात आपोआप जे कच्चं आहे ते रोज समोर येतं आणि जे पक्कं आहे ते वेळ खात नाही. उत्तर मनात म्हणू नका, ओठांनी म्हणा आणि मगच उलटा. मनातल्या मनात आपण स्वतःला फार पटकन पास करतो.

चिठ्ठ्या विकत मिळतात, मोबाईलवरही असतात. तरी स्वतः करा. प्रश्न काय लिहायचा हे ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो. आणि मोबाईलमधली चिठ्ठी उघडायला मोबाईल हातात घ्यावा लागतो.

पायरी तिसरी: गणितं पिसून सोडवा

गणितात पाठांतर चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण सराव कसा करायचा यात एक मोठी चूक होते. सरावसंच एका प्रकाराचा असतो. अंकगणिती श्रेढीचा संच उघडला की सगळी उदाहरणं श्रेढीचीच. पद्धत निवडायचा प्रश्नच येत नाही. पेपरात मात्र "एका महिलेने पहिल्या महिन्यात अमुक रुपये वाचवले, पुढे दर महिन्याला ५० रुपये जास्त" असं येतं आणि त्यावर "हे श्रेढीचं आहे" अशी पाटी लावलेली नसते. शेजारच्या प्रश्नात नदीतली होडी प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाते, तिथे दोन चलं धरावी लागतात. ओळखण्यातच निम्मी लढाई.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या घनफळाची गणितं दिली, आपल्या महत्त्वमापनासारखीच. एका गटाला प्रकारानुसार, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना प्रकारानुसार सोडवणारे जास्त बरोबर होते. आठवड्याने चाचणी झाली तेव्हा त्यांना २० टक्के जमलं आणि मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के.

म्हणून धडा पहिल्यांदा शिकताना संच सरळ सोडवा. उजळणीला मात्र पत्ते पिसतात तशी उदाहरणं पिसा. सहा धड्यांतून एकेक उदाहरण कागदावर उतरवून काढा, वर धड्याचं नाव लिहू नका. दुसऱ्या दिवशी तोच कागद सोडवायला बसा. प्रत्येक उदाहरणाखाली आधी एक ओळ लिहा: "इथे काय दिलंय, काय काढायचंय, कुठली पद्धत." मगच आकडेमोड.

आणि एक चुकांची वही ठेवा, शंभर पानी पुरे. चुकलेलं गणित पूर्ण उतरवायचं नाही. चूक कुठे झाली ते एका वाक्यात. "भिंगाच्या गणितात वस्तूचं अंतर ऋण घ्यायला विसरलो." "कंस सोडवताना चिन्ह बदललं नाही." "व्यासाला त्रिज्या समजले." महिन्याभरात दिसेल की तुमच्या चुका शंभर प्रकारच्या नाहीत, चार-पाचच आहेत आणि त्याच पुन्हा येतायत. पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी पोरांना पुस्तकाऐवजी ही वही वाचायला लावते.

पायरी चौथी: लक्ष लागत नाही, त्याचं काय

मन एकाग्र करा, असं सांगून कुणाचं मन एकाग्र होत नाही. जागा आणि वेळ बदलता येते, तिथून सुरुवात करा.

मोबाईल दुसऱ्या खोलीत. पालथा घालून शेजारी नको, सायलेंट करून खिशात नको. अभ्यासिकेत दाराशी एक स्टीलचा डबा आहे, आल्यावर त्यात मोबाईल. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, मग थांबली. घरी असाल तर आईच्या ताब्यात द्या, आणि तेवढा वेळ घरातल्यांनीही आपला बाजूला ठेवावा. मोहित्यांच्या वडगावात ते जमतं, कारण त्या वेळेत मोठ्यांचाही टीव्ही बंद असतो. बाबा रील बघतायत आणि पोराला म्हणतायत "अभ्यास कर", हे जमणार नाही.

वेळ छोटी ठेवा. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला: २५ मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. नवख्यांना हे बरं पडतं. भूमितीला मात्र मला २५ मिनिटं तोकडी वाटतात, रचना अर्धी झाली की घंटा वाजते. तिथे ४० मिनिटं घ्या. सुट्टीत उठा, पाणी प्या, अंगणात फिरून या. सुट्टीत मोबाईल घेतला तर पाच मिनिटांची पंचवीस होतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

बसण्याआधी कागदावर लिहा, "आत्ता काय करणार". "विज्ञान" असं नको. "विद्युतधारेचे परिणाम, पहिली तीन पानं, कोरा कागद" असं. मधेच डोक्यात आलं की उद्या अमक्याला फोन करायचाय, तर तेही त्याच कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा. कागदावर गेलं की मन ते सोडतं.

घरात जागा नसते, मला माहीत आहे. दोन खोल्यांत सहा माणसं, शेजारी जनावरांचा गोठा, वर लाईट गेलेली. सांगली-साताऱ्यासारख्या शहरांत वाचनालयाच्या अभ्यासिका असतात. गावात शाळेची खोली, समाजमंदिर, देवळाची ओसरी मागून घ्या. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासून वसतिगृह चालवलं ते अशाच घरांतल्या मुलांसाठी. गावाकडे जागा मागायला लाजू नका. आम्ही मागितली, मिळाली.

झोपेवर हात मारू नका. दिवसा आठवून काढलेलं झोपेत पक्कं होतं. १९२४ मध्येच जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं होतं की पाठ करून झोपलेला माणूस, तेवढाच वेळ जागा राहिलेल्या माणसापेक्षा कमी विसरतो. रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास सकाळी अर्धा गळून पडतो. सात-आठ तास झोप म्हणजे अभ्यासाचाच भाग.

पायरी पाचवी: दडपण आधीच अंगवळणी पाडा

"घरी येत होतं, तिथे गेल्यावर सगळं गेलं." दर वर्षी ऐकते. कारण घरी खाटेवर लोळत, मधेच उत्तर बघत सोडवलेलं असतं, आणि तिथे अनोळखी शाळा, अनोळखी पर्यवेक्षक, घड्याळाची टिकटिक. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर खऱ्यासारखा सोडवा. सकाळी अकराला सुरू, कारण सकाळच्या सत्राची वेळ तीच. टेबल नसेल तर मांडीवर पॅड, पण जागचं उठायचं नाही. उत्तर अडलं तर पुस्तक नाही, पुढे जायचं. पंखा बंद ठेवा एखाद्या वेळी, बाहेर ट्रॅक्टर वाजत असेल तर वाजू दे. आमच्या अभ्यासिकेत शेवटचे दोन पेपर आम्ही शेजारच्या गावच्या शाळेत घेतो, मुद्दाम अनोळखी बाकांवर. पहिल्या वेळी दोन मुली रडल्या होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनीच डबे आणले.

पेपर तपासताना गुण मोजा, पण आधी हे बघा: कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला? चार गुणांच्या प्रश्नावर २५ मिनिटं गेली असतील, तर हिशेबाने ती १२ हवी होती.

पोटात गोळा येणं, हात गार पडणं, छाती धडधडणं, हे शरीर तयारीला लागल्याचं लक्षण आहे. ते घालवायच्या मागे लागू नका. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा: चारपर्यंत मोजत घ्या, सहापर्यंत मोजत सोडा, पाच-सहा वेळा. धडधड उतरते. आणि एक गोष्ट करून बघाच. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये परीक्षेआधी विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहायला लावली. जे जास्त घाबरणारे होते त्यांना त्याचा फायदा झाला. भीती डोक्यात जागा अडवते, आणि तीच जागा गणिताला हवी असते. "नापास झालो तर बाबा काय म्हणतील" हे स्पष्ट लिहा. कुणाला दाखवायचं नाही. लिहून फाडून टाका.

आईवडिलांना दोन शब्द. "शेजारच्या पोराला किती पडले" हे वाक्य या तीन महिन्यांत घरात नको. परीक्षेहून आल्यावर "कसा गेला?" याआधी "जेवायला बस" म्हणा. पोरगं नीट झोपत नसेल, खात नसेल, "मला जगायचंच नाही" असं काही बोलत असेल तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो.

पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री दप्तर भरा: प्रवेशपत्र, शाळेचं ओळखपत्र, एकाच शाईची दोन-तीन पेनं, पेन्सिल, कंपास, पाण्याची बाटली, साधं घड्याळ. मोबाईल, स्मार्ट घड्याळ, कॅल्क्युलेटर घरी. नवीन धडा आता उघडू नका. चुकांची वही आणि पहिलं खोकं, एवढंच. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर एसटीच्या भरवशावर शेवटची गाडी धरू नका, उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता अडतो. अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहायचं आहे, म्हणजे त्याच्याही आधीची गाडी.

फाटकाशी "अमका प्रश्न येणारच" म्हणणारे घोळके असतात. तिथे थांबू नका, सरळ आत जा.

प्रश्नपत्रिका हातात आली की पूर्ण वाचा आणि सोप्यावर छोटी खूण मनात धरा. प्रश्नपत्रिकेवर उत्तरं किंवा काहीही लिहू नका. बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत पडताळा. पहिला प्रश्न तोच घ्या जो हमखास येतो, कारण पाच-सात ओळी लिहिल्या की हात स्थिर होतो. प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्न अचूक टाका. आकृती पेन्सिलीने. कृतिपत्रिकेत विचारलंय तेवढंच लिहा. दोन गुणांच्या कृतीला पानभर लिहिणारी मुलं पत्रलेखनाला वेळ उरला नाही म्हणून रडतात.

अडलात तर कोरा कागद आठवा. तेव्हा मिनिटभर चाचपायची सवय केली होती, तीच इथे कामाला येते. सूत्र आठवत नसेल तर समासात त्या धड्यातलं जे आठवतं ते लिहा, आकृती काढा, दिलेले आकडे मांडा. बऱ्याचदा त्यातूनच धागा सापडतो. मिनिटभरात नाही सापडला तर जागा सोडून पुढे जा, मग परत या. २०२३ पासून मंडळ वेळ संपताना दहा मिनिटं जास्त देतं. ती नव्या प्रश्नासाठी धरू नका. क्रमांक, चिन्हं, एककं आणि पुरवणी नीट बांधली आहे का, हे बघायला ठेवा.

बाहेर पडल्यावर उत्तरं जुळवत बसू नका. दिलेला पेपर आता बदलत नाही, आणि चुकलेलं एक कळलं की पुढच्या पेपरचे दोन दिवस त्यातच जातात. घरी या, जेवा, तासभर झोपा. उठल्यावर त्या विषयाचं खोकं माळ्यावर टाका आणि पुढच्या विषयाचं पहिलं खोकं पुढ्यात घ्या. सातला बसायचं आहे.